‘आपल्याच पलटणीवर केस कशी करायची?’

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं हे सहा पानी पत्र. ओळख पटेल असा मजकूर गाळून ते थोडक्यात देते आहे.

“माझे मालक चोवीस वर्षं फौजेत होते. २०१७ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. भरती झाले तेव्हा तब्येत दगडासारखी होती. बर्फात, सरहद्दीवर मिळून दहा वर्षं काढली. २०११ साली पीस पोस्टिंगला (सरहद्दीपासून दूर, शांत ठाण्यावर) असताना बी.पी. निघालं आणि कॅटेगरी लो झाली (वैद्यकीय श्रेणी उतरली). घरी येताना मेडिकल बोर्डानं तीस टक्के अपंगत्व लिहिलं, आयुष्यभरासाठी. पण त्याचं पेन्शन नामंजूर झालं. कागदावर एवढंच होतं की आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. एक अपील केलं, तेही २०१८ ला फेटाळलं. तेव्हापासून सगळे कागद काळ्या ट्रंकेत आहेत.

आता दीर म्हणतात, शेजारच्या गावच्या सुभेदारांना कोर्टातून मिळालं, आपणही करू. तालुक्याला एक जण आहे. म्हणतो, दिल्लीला ओळख आहे, आधी एक पैसा नको, मिळतील त्यातले चाळीस टक्के द्या. पाचशेच्या स्टॅम्पवर सही मागतो. मालक ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, ‘ज्या पलटणीचं मीठ खाल्लं तिच्यावर केस करू? आणि बी.पी. कुणाला नसतं? माझ्यासोबतच्या पोराचा सुरुंगात पाय गेला. त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं स्वतःला अपंग म्हणवून घेऊ?’ मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चालू आहे, पैसे लागतात, हे खोटं कशाला बोलू. पण हा हव्यास आहे की हक्क, ते मला कळेना. आणि त्यांना न सांगता अर्ज करता येईल का?”

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच मला सगळ्यात जास्त लागला. त्यांना न सांगता काही करू नका. एक तर करता येणारच नाही. अर्ज त्यांच्या नावानं जातो, त्यावर सही आणि प्रतिज्ञापत्र त्यांचंच लागतं. पण समजा सही कशीतरी मिळवलीत, तरी तारखेची नोटीस घरी येईल तो दिवस तुमच्या संसाराला मिळणाऱ्या पेन्शनपेक्षा फार महाग पडेल. ज्या माणसानं तो विषय ट्रंकेत घालून वर कुलूप लावलं आहे, त्याच्याशी आधी बोलायला हवं. काय बोलायचं, ते बघू.

त्यांच्या मनात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत असं मला पत्र वाचताना वाटलं. पलटणीची निष्ठा, पाय गेलेल्या सोबत्यासमोरची लाज, आणि तिसरी, जी त्यांनी बोलून दाखवलेली नाही: बोर्डाच्या त्या एका ओळीनं आपल्याला खोटं ठरवलं, हा सल. तिसरी गोष्ट मी उगाच शोधून काढलेली नाही. नामंजुरीचे कागद आठ-आठ वर्षं जपून ठेवणारी माणसं ते विसरलेली नसतात.

आधी निष्ठा. अर्जात समोरचा पक्ष म्हणून पलटणीचं नाव नसतंच. तिथे असतं भारत सरकार, संरक्षण मंत्रालयाच्या सचिवांमार्फत. मग लष्करप्रमुख, रेकॉर्ड ऑफिस आणि प्रयागराजचं पेन्शनचं लेखा कार्यालय. ज्यांच्यासोबत तुमच्या मालकांनी बर्फात रात्री काढल्या त्यांच्यापैकी कुणालाही उत्तर द्यायला यावं लागत नाही. आणि हे प्रकरण आपण ज्याला कोर्ट म्हणतो तिथे जात नाही, सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जातं. २००७ च्या कायद्यानं ते उभं राहिलं, २००९ पासून कामाला लागलं आणि त्याचं एक पीठ मुंबईत आहे. त्या पीठावर एक न्यायमूर्ती बसतात आणि त्यांच्या शेजारी फौजेतले एक निवृत्त वरिष्ठ अधिकारी, मेजर जनरल किंवा त्याहून वरच्या हुद्द्याचे. फील्ड म्हणजे काय, पीस म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. मालकांना हे जरूर सांगा. देशाच्या संसदेनं सैनिकाची तक्रार ऐकायला मुद्दाम बांधलेलं हे घर आहे. तिथे जाणाऱ्याला बेइमान म्हणायचं असतं तर ते बांधलंच नसतं.

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ हे वाक्य आता तुमच्या घरात कुणीतरी म्हणेलच. ती म्हण बांधाच्या आणि भाऊबंदकीच्या खटल्यांतून आली आहे, जिथे तीन पिढ्या साक्षी-पुराव्यांत जातात. इथे साक्षीदार नसतात, उलटतपासणी नसते. बहुतेक सगळं कागदावर चालतं आणि दर तारखेला मालकांनी मुंबई गाठायची गरज पडत नाही.

आता सोबत्याच्या पायाची गोष्ट. यावर मी हळुवार बोलते, कारण ती लाज चांगल्या माणसालाच वाटते. पण तिच्या मुळाशी एक समजूत आहे की पैशांचा एकच डबा आहे, आणि बी.पी.वाल्यानं त्यातून घेतलं तर पाय गेलेल्याच्या वाट्याचं कमी होईल. तसं नाही. लढाईत किंवा सुरुंगात जखमी झालेल्यांसाठी युद्धजखमी पेन्शन हे वेगळं खातं आहे आणि त्याचा दरही जास्त आहे. तुमचे मालक मागतील ते अपंगत्व पेन्शन, म्हणजे सेवेमुळे जडलेल्या किंवा सेवेत बळावलेल्या आजाराचं. सरकारनंच हे दोन भाग केलेत. आणि ‘अपंग’ हा शब्दही त्यांनी स्वतःला चिकटवलेला नाही. तीस टक्के हा आकडा फौजेच्या डॉक्टरांनी लिहिला आहे. तो कुणी नाकारलेलाच नाही. वाद फक्त कारणाचा आहे.

या कारणाचीच बाजू नीट समजून घ्या, कारण तुमचं सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे.

तुम्हाला वाटतं, आणि बहुतेक घरांत वाटतं, की कोर्टात जायचं म्हणजे आजार नोकरीमुळेच झाला हे आपण सिद्ध करायचं. रक्तदाब बर्फामुळे झाला की आजोबांकडून आला, हे कोण कसं सिद्ध करणार? म्हणून माणसं तिथेच हात टेकतात. पण सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या जुलैत धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात हे ओझं उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवलं. ते शिपाई १९८५ ला भरती झाले, फिट्स येऊ लागल्या म्हणून १९९४ ला त्यांना घरी पाठवलं आणि पेन्शन नाकारलं. न्यायालयानं म्हटलं ते साध्या शब्दांत असं: भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टरांनी तपासून घेतलं आणि कागदावर कुठल्याही आजाराची नोंद केली नाही, तर तो माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं. पुढे तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे असं मानायचं. तसं नाही असं बोर्डाचं म्हणणं असेल तर का नाही, याची कारणं बोर्डानं लिहायची. सैनिकानं सिद्ध करत बसायचं नाही, आणि शंका उरली तर फायदा त्याला द्यायचा.

म्हणजे न्यायाधिकरण तुमच्या मालकांचं बी.पी. मोजायला बसणार नाही. बोर्डाच्या त्या एका ओळीकडे बोट दाखवून विचारलं जाईल, याचं कारण कुठे लिहिलंय? बऱ्याच जणांच्या कागदावर कारणाच्या रकान्यात फार तर ‘पीस स्टेशनला सुरुवात झाली’ एवढंच असतं. तुमच्याकडेही तेच असावं असा माझा अंदाज आहे. २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं अशाच प्रकरणांत सांगितलं की आजार शांत ठाण्यावर निघाला, एवढ्यावर पेन्शन नाकारता येत नाही. आणि ते पटण्यासारखंच आहे. दहा वर्षांची झीज आठवड्याभरात नाहीशी होत नाही. मुक्काम बदलला म्हणून शरीर मागचं विसरत नाही.

मात्र तुम्हाला अर्धवट धीर द्यायचा नाही. धरमवीर सिंगांचं प्रकरण अपंगत्व पेन्शनच्या १९८२ च्या नियमांखालचं होतं. तुमचे मालक २०१७ ला आले, त्यांना २००८ चे नियम लागतात, आणि त्यांत ते गृहीतक जुन्या शब्दांत राहिलेलं नाही. सरकारी वकील नेमका हाच मुद्दा काढतील. दिल्ली उच्च न्यायालयानं २००८ च्या नियमांखालीही कारणं देण्याची जबाबदारी बोर्डाचीच धरली आहे. मुंबईच्या पीठाला ते बंधनकारक नाही, पण त्याला वजन आहे. उलट बाजूचेही निकाल आहेत. २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मानसिक आजारासाठीचं पेन्शन नाकारलं, कारण असे आजार भरतीच्या तपासणीत दिसतीलच असं नसतं. म्हणून निकाल खिशात आहे असं सांगणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका. बाजू भक्कम आहे, एवढं मी म्हणेन.

आणि एक प्रश्न मालकांना तुम्हीच विचारायला हवा, घरात, शांतपणे: बोर्डाच्या कागदावर दारू, तंबाखू किंवा वाढलेल्या वजनाची नोंद आहे का? डॉक्टरांनी सांगितलेली औषधं घेतली नाहीत असा शेरा आहे का? असेल तर तो वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. लपवलेली नोंद समोरचा पक्ष वाचून दाखवतो, तेव्हा बाकीच्या खऱ्या गोष्टींचाही रंग उतरतो.

आता पैशांचा हिशेब. तुम्ही संकोचानं पैशांचा उल्लेख केला आहे. संकोच करू नका. हिशेब सोपा व्हावा म्हणून शेवटचा पगार ४०,००० रुपये धरू. शंभर टक्के अपंगत्वाला त्याचे तीस टक्के, म्हणजे १२,००० रुपये. तुमचं तीस टक्के, म्हणजे ३,६०० रुपये. पण इथे फौजी लोक ज्याला ‘राउंडिंग ऑफ’ म्हणतात ते येतं: पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास धरायचं. आधी ही सवलत आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच होती. १० डिसेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं राम अवतार यांच्या प्रकरणात ती पूर्ण नोकरी करून आलेल्यांनाही लागू केली. म्हणजे महिन्याला ६,००० रुपये, वर महागाई भत्ता, चालू पेन्शनच्या जोडीला. अर्जात राउंडिंग ऑफची मागणी वेगळी लिहिली आहे ना, हे स्वतः वाचून बघा.

मागची थकबाकी मात्र २०१७ पासूनची मिळेल असं धरून चालू नका. तारसेम सिंग नावाचे सैनिक १९८३ ला घरी आले आणि १९९९ ला न्यायालयात गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की दर महिन्याचं पेन्शन नाकारणं हा दर महिन्याला नव्यानं होणारा अन्याय आहे, म्हणून सोळा वर्षांनी आले तरी दार बंद नाही. पण थकबाकी अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांचीच. यातून दोन गोष्टी निघतात. ‘आता फार उशीर झाला’ ही सबब टिकत नाही. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे खरी, पण उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडता येतो. दुसरं म्हणजे ही तीन वर्षांची खिडकी तुमच्यासोबत पुढे सरकते आहे. विचार करण्यात गेलेल्या प्रत्येक महिन्यामागे जुना एक महिना कायमचा गळतो. घाई करा असं मी म्हणत नाही. पण दिवाळीनंतर बघू, लग्नसराई झाल्यावर बघू, याचीही किंमत आहे, ती माहीत असू द्या.

तीन वर्षांची थकबाकी वरच्या हिशेबानं २,१६,००० रुपये होते. त्यातले चाळीस टक्के म्हणजे ८६,४०० रुपये तालुक्याच्या त्या माणसाचे. ताई, त्या स्टॅम्पवर सही करू नका. मी सहसा इतकं ठाम सांगत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला मनाई आहे. जो वकीलही नाही त्याला तर हा अधिकार कुठून आला? आणि १८७१ च्या पेन्शन कायद्यानं पुढे मिळणाऱ्या पेन्शनवर आधीच लिहून दिलेले असे करार निरर्थक ठरतात. असा स्टॅम्प कायद्यात टिकायचा नाही, पण तो दाखवून घरी येऊन तगादा लावता येतो, आणि गावात माणूस अब्रूसाठी पैसे देऊन मोकळा होतो. त्यांची दिल्लीतली ओळख तर मुंबईच्या पीठासमोर कामाचीच नाही. तुम्ही साताऱ्यात राहता, तुमचा अर्ज मुंबईलाच जायचा.

मग कुणाकडे जायचं? आधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. २०२५ च्या जुलैत राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांतूनच कायद्याची मदत मिळावी, ही तिची कल्पना. तुमच्याकडे ते केंद्र सुरू आहे का, विचारा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरण हे दुसरं दार. खासगी वकील केलात तर ठरलेली फी, तिची पावती, आणि न्यायाधिकरणात याआधी अशी प्रकरणं चालवली आहेत का, हा सरळ प्रश्न. ज्या सुभेदारांना मिळालं, त्यांच्या निकालाची प्रत मागून आणा. शेजारी आहेत, देतील. ती प्रत वकिलाला दहा भाषणांपेक्षा उपयोगी पडते.

वकील कदाचित विचारतील, दुसरं अपील का केलं नाही? न्यायाधिकरण साधारणपणे आधीचे मार्ग वापरलेत का, ते पाहतं. तेव्हा आता दुसरं अपील टाकायचं की थेट अर्ज करायचा, हे कागद बघून त्यांनाच ठरवू द्या. मला वाटतं, एवढ्या वर्षांनी थेट जाणं बरं. पण हा माझा कल आहे, नियम नव्हे.

जिंकलात तरी पैसे दुसऱ्या महिन्यात खात्यावर येतील असं धरू नका. सरकार उच्च न्यायालयात जाऊ शकतं. २०२३ च्या एका निकालानंतर तो मार्ग पुन्हा मोकळा झाला आहे. अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करायची वेळही अनेकांवर येते. म्हणून मुलीच्या फीचं गणित या पैशांवर बसवू नका. तिची शिष्यवृत्ती, कर्ज, जे असेल ते वेगळं चालू ठेवा.

अशीच पत्रं आणखी दोघींची आहेत, त्यांच्यासाठी थोडं. एकीच्या मुलाला रजेवर असताना गावी मोटरसायकलचा अपघात झाला. अशा प्रकरणांत अपघाताचा लष्करी कामाशी काहीतरी संबंध दाखवावा लागतो. निव्वळ रजा मंजूर होती, एवढं पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. दुसरीच्या पतींना पंधरा टक्के लिहिलेत आणि ते पूर्ण नोकरी करून आलेत. वीस टक्क्यांच्या आत असेल तर राउंडिंग ऑफचाही उपयोग होत नाही, हे २०१९ मध्ये स्पष्ट झालं आहे. आणि २१ सप्टेंबर २०२३ नंतर जे घरी आले, त्यांना २०२३ चे नवे नियम लागतात. त्यांनी या लेखावरून आपला हिशेब करू नये.

ताई, हव्यास की हक्क, हे तुम्ही विचारलंत. हव्यास असता तर मनात प्रश्नच आला नसता. पण हक्क आहे म्हणून तो बजावलाच पाहिजे असंही मी म्हणणार नाही. मालकांनी सगळं समजून घेतलं, आणि तरी म्हणाले ‘नको’, तर तो त्यांचा निर्णय. त्यावर दिरांना बोलू देऊ नका, आणि तुम्हीही मनात धरू नका. आज मात्र ते समजून घेऊन नाही म्हणत नाहीत. त्यांना वाटतं की आपण भीक मागायला जाणार आहोत.

म्हणून पहिल्या दिवशी कोर्टाचा विषयच काढू नका. एखाद्या संध्याकाळी म्हणा, ट्रंक उघडू, कागदांना कसर लागली का बघू. त्यात चार गोष्टी शोधा: डिस्चार्ज बुक, पोस्टिंगची यादी, नामंजुरीची दोन्ही पत्रं आणि निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा फॉर्म, ज्यावर ‘एएफएमएसएफ-१६’ असं छापलेलं असतं. तो नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला साध्या अर्जानं किंवा माहिती अधिकारात प्रत मागता येते. फॉर्म मिळाला की कारणाचा रकाना त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्ही वाचू नका. आणि विचारा, ‘तुमची चोवीस वर्षं या ओळीत बसतात का हो?’

ते काय म्हणाले, ते मला कळवा. फॉर्मचा फोटो पाठवलात तर नाव आणि नंबर झाकून पाठवा.